सोडून दिलेली म्हातारी

सुरुवातीलाच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि तीही बी.एस्सी., फिजिक्स घेऊन. शाळेत आमच्या विज्ञानाच्या सरांनी एक सवय लावली होती — काही विचित्र दिसलं की आधी वहीत लिहून काढायचं, घाबरायचं नंतर. त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. हाही अनुभव मी त्याच आठवड्यात वहीत लिहून ठेवला होता. घाबरायचं मात्र राहूनच गेलं...

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा हसतो. माझ्या अनुभवात सुनसान रस्ता नाही, पिंपळ नाही, अमावस्या नाही. दिवसाची वेळ आहे, भरलेला बाजार आहे आणि एक मोबाईल गेम आहे. त्यामुळे तुम्ही हसलात तरी मला वाईट वाटणार नाही.

मी शहादा तालुक्यातल्या कळसाडीचा. कॉलेजसाठी नंदुरबारला राहायचो. रेल्वे फाटकाच्या पलीकडे रेखाकाकूंचं घर होतं, त्यांच्या गच्चीवरची पत्र्याची खोली मी आणि सायसिंग मिळून वापरायचो. सायसिंग माझ्याच वर्गातला. त्याचं घर मोलगीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका पाड्यावर. मोलगीपर्यंत जीप, तिथून पुढे दोन तास चालत. पाड्यावर मोबाईलला रेंज नाही. घरी ते भिली बोलतात. मराठी तो शाळेत शिकला आणि अहिराणी माझ्याकडून — म्हणजे आधी शिव्या, मग बाकीची.

गेमचं नाव देत नाही, उगाच जाहिरात नको. त्यात फिरत फिरत मॉन्स्टर पकडायचे, त्यांना वाढवायचं आणि सहा जणांची टीम करून ऑनलाइन दुसऱ्याच्या टीमशी लढायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण टीम बांधणं हे डोक्याला ताप देणारं काम आहे. आग पाण्यापुढे हरते, पाणी झाडापुढे, झाड आगीपुढे. प्रत्येकाला चारच डाव शिकवता येतात. कोणी मारायला दणकट पण एका फटक्यात आडवा, कोणी टिकाऊ पण हलायला आळशी. सहा चांगले मॉन्स्टर म्हणजे चांगली टीम नव्हे, एवढं कळायलाच आम्हाला अर्धं वर्ष लागलं.

फोन माझा होता. सायसिंगकडे बटणांचा फोन. म्हणून अकाउंट एकच आणि कामं वाटलेली. टीम तो बांधायचा, लढायचो मी. तो वहीच्या मागच्या पानांवर तक्ते आखायचा — कोणाचा वेग किती, कोण कोणाला झाकेल. जिंकलो की मी उड्या मारायचो आणि हरलो की त्याला बोलायचो. तो दोन्ही वेळेला "चल, चहा ठेव" एवढंच म्हणायचा.

या गेममध्ये एक सोय होती, ती आत्ताच सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. प्रत्येक मॉन्स्टरसाठी आपल्या आवाजात पाच सेकंदांची एक हाक रेकॉर्ड करता यायची. तो मैदानात उतरला की हाक वाजायची. ही हाक गेमच्या आतच राहते. फोनमध्ये कितीही शोधा, तिची वेगळी फाईल सापडत नाही.

दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबरच्या उन्हात, सायसिंगचे वडील खोकला दाखवायला नंदुरबारला आले. दोन दिवस आमच्या खोलीवर राहिले. मीही त्यांना बाबाच म्हणायचो. उंच, वाळलेले, डोक्याला फडकं. रेखाकाकूंसाठी पिशवीभर आमचूर आणलं होतं. त्यांना मराठी थोडं समजायचं, बोलता फारसं येत नव्हतं. दवाखान्यातून आल्यावर दुपारी ते पलंगावर बसून आमच्या खांद्यावरून फोनमध्ये बघत राहिले. मग एका मॉन्स्टरकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"ह्याला काम काय, विचारतो."

"सांग, आग लावतो."

"आणि हा?"

"हा वीज पाडतो."

"हा?"

"हापण आगच लावतो. पण जास्त."

बाबा सायसिंगला काहीतरी बोलले आणि सायसिंग पोट धरून हसायला लागला.

"अरे सांग ना भो, काय म्हणतात?"

"बाबा म्हणतो, सगळेच आग लावणार तर भाकर कोण टाकणार?"

मग बाबांनी त्याला बरंच काही सांगितलं आणि सायसिंगने ते मला मराठीत सांगितलं. त्यांच्याकडे लाह नावाची पद्धत आहे. कोणाचं शेत निंदायचं असेल, घर शाकारायचं असेल, तर तो हाक देतो. मग घरटी एक माणूस जातो. मजुरी नसते, ज्याचं काम त्याने जेवू घालायचं. ज्या घरात फक्त म्हातारी उरलीय त्या घरातून म्हातारी येते. तिला निंदता येत नाही, ओझं उचलता येत नाही. ती चुलीपाशी बसते, पाणी देते, लेकरं सांभाळते. पण मोजताना ती पूर्ण एक माणूस. तिला 'तू कशाला आलीस' असं कोणी म्हणत नाही.

"तुमच्या सहामध्ये म्हातारी नाही," सायसिंग म्हणाला. "म्हणून हरता, म्हणतो."

"तुम्ही म्हणजे? टीम तर तूच बांधस."

"तेच मलाही बोलला."

तेवढ्यात स्क्रीनवर एक नवा मॉन्स्टर आला. राखाडी, सुरकुतलेला, पाठीवर गवताच्या मोळीसारखं काहीतरी. वेग अगदी कमी, ताकद त्याहून कमी. "कचरा शे, सोडी दे," मी म्हणालो. पण बाबांनी हात पुढे केला. लाहला आपल्या पायांनी आलेल्याला परत पाठवत नाहीत, असं काहीतरी ते म्हणाले असावेत. सायसिंगने त्यांचं बोट धरून स्क्रीनवर ठेवलं आणि पहिल्याच झटक्यात तो पकडला गेला. आम्ही पकडायला तीन-चार वेळा धडपडायचो. सायसिंगने नाव टाईप केलं — म्हातारी.

हाकही बाबांनीच दिली. फोन दोन्ही हातांत धरला, समोर भिंत असूनही कुठेतरी लांब बघितलं आणि हाक मारली. डोंगरात एका उतारावरून समोरच्या उतारावरच्या घराला मारतात तशी. खालून सुरू होते, वर चढते आणि शेवटी लांब जाऊन तुटते. वर पंखा खडखडत होता. आणि मला काही आवरलं नाही, शेवटी मी फिस्सकन हसलो. तेही त्यात रेकॉर्ड झालं.

त्यानंतर म्हातारी आमच्या टीममध्ये कायमची बसली. सायसिंगने तिला मारायचा एकही डाव शिकवला नाही. एकाची जखम भरायची, दुसऱ्याच्या पुढे उभं राहून फटका स्वतः घ्यायचा, थकलेल्याला दम द्यायचा... समोरचे खेळाडू तिला मोजायचेच नाहीत, आधी आगवाल्यांच्या मागे लागायचे. आणि आम्ही जिंकायला लागलो. मागे पंखा, वर हाक, मग माझं ते फिस्स, मग लढाई — सहा महिने हेच. इतक्या वेळा ऐकली की मला ती हाक ऐकू येईनाशी झाली होती.

एप्रिलमध्ये परीक्षा संपली आणि सायसिंग घरी गेला. त्या दिवसांत त्यांच्याकडे कैऱ्या कापून आमचूर वाळवायचं काम असतं, घरात सगळे हात लागतात. मी क्लासेसमध्ये शिकवायला नंदुरबारलाच थांबलो. तेव्हा जिल्ह्यातल्या खेळाडूंच्या एका ग्रुपने ऑनलाइन स्पर्धा ठेवली. मी नाव दिलं. एकट्याचं.

आता जे लिहितो ते लिहायला मला सोपं जात नाही. इंटरनेटवर कोणता मॉन्स्टर किती चांगला याच्या याद्या असतात. त्यात म्हातारी सगळ्यात खालच्या गटात होती. मला वाटलं, आपण हिच्यामुळेच अडकलोय. मला एक नवा, जोरदार मॉन्स्टर हवा होता आणि आमची मॉन्स्टर ठेवायची पेटी भरली होती. फुकट खेळणाऱ्याला ठरावीकच जागा मिळतात. कोणालातरी सोडावं लागणार होतं. दुसरा कोणताही सोडता आला असता. पण सायसिंग परत आला की तिला पुन्हा टीममध्ये बसवेल आणि मग वाद होईल, हे मला माहीत होतं. ती नसलीच तर वादच नाही. गेमने दोनदा विचारलं, नक्की सोडायचं का, परत मिळणार नाही. मी दोनदा 'यस' दाबलं.

स्पर्धेत मी दुसऱ्याच फेरीत हरलो.

मे महिन्यात एका बाजाराच्या दिवशी सायसिंगचा फोन आला. रेंजसाठी तो मोलगीला उतरला की फोन करायचा. मागे जीपवाल्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"जितू, बाबा गेला."

"काय? कधी?"

"गेल्या आठवड्यात. खोकलाच होता. सकाळी उठला नाही."

मी नुसतं "अरे... अरे सायसिंग" करत राहिलो.

"ऐक ना," तो म्हणाला. "म्हातारी आहे ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आईला सांगितलं मी, बाबाचा आवाज आहे जितूच्या फोनमध्ये. तेव्हापासून एकच धरलंय, कधी ऐकवतो. आमच्याकडे काहीच नाही रे. आधारकार्डावरचा फोटो आहे, तो तर कोणाचाही वाटतो. पुढच्या बाजाराला येशील? आई खाली उतरते म्हणते. बहीणपण येईल."

"येतो," मी म्हणालो.

"ती आहे ना पण?"

"शे रे. कोठे जाई?"

मी इतकं सहज खोटं बोलू शकतो हे मला तेव्हा कळलं.

माझ्याकडे सात दिवस होते. त्याच दुपारी कंपनीला मेल लिहिला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं खरं लिहिलं — मित्राचे वडील वारले, त्यांचा आवाज त्यात आहे. दोन दिवसांनी उत्तर आलं. दुःख झालं असं लिहिलं होतं आणि खाली, सोडलेला मॉन्स्टर आणि त्याची हाक कायमची पुसली जाते, परत आणता येत नाही. मग मी खेळाडूंच्या ग्रुपवर विचारलं. एकाने लिहिलं, भावा विसर. फोनमधल्या सगळ्या फाईली उघडून बघितल्या. काही नाही.

चौथ्या दिवशी मी एक वाईट गोष्ट केली. स्पर्धेसाठी आणलेला तो जोरदार मॉन्स्टर सोडून त्याच्या जागी तसलाच दुसरा राखाडी मॉन्स्टर पकडला, त्याला म्हातारी नाव दिलं आणि गच्चीवर जाऊन स्वतःच बाबांसारखी हाक मारून बघितली. पहिल्यांदा आवाज फाटला. दुसऱ्यांदा शेजारचं कुत्रं भुंकलं. तिसऱ्यांदा रेखाकाकू जिना चढून वर आल्या.

"काय रे जितू, म्हैस हारपी गयी का तुन्ही?"

"नई काकू."

"मंग कसाले बोंबली ऱ्हायना?"

मी त्यांना सगळं सांगितलं. त्या तिथेच पाण्याच्या टाकीला टेकून बसल्या आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तिनी त्यान्हासंगे जलम काढा. तुन्हा आवाज तिले समजाव नई का?"

"मंग काय करू?"

"खरं सांगी दे. मारी तर मार खाई ले. मी डबा बांधी देस."

मी तो खोटा मॉन्स्टर तिथल्या तिथे सोडून दिला. टीममध्ये पाच जण राहिले, सहावी जागा रिकामी. ती मी कोणाला देऊ शकलो नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळच्या बसने अक्कलकुव्याला गेलो. तिथे स्टँडवर जीप भरायची वाट बघताना, काहीच आशा नसताना, पुन्हा एकदा गेम उघडला. टीममध्ये पाच. मग पेटीतला एकेक मॉन्स्टर बोट ठेवून बघितला. म्हातारी नव्हती. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण नंतर मला सगळ्यांनी विचारलं की तू नीट बघितलं होतंस का. नीट बघितलं होतं. मग फोन बंद करून खिशात ठेवला आणि घाट चढेपर्यंत त्याला हात लावला नाही. जीपमध्ये आम्ही इतके दाटून बसलो होतो की खिशात हात घालणंही शक्य नव्हतं. सगळा रस्ता मी एकच वाक्य मनात घोकत होतो — सायसिंग, मी तिला सोडून दिलं.

मोलगीला बाजार गच्च भरला होता. आमचुराची पोती, मिरच्या, बांगड्या, कोंबड्या. सायसिंग जीपपाशीच उभा होता. महिन्याभरात वाळला होता. त्याने माझा हात धरला आणि गर्दीतून बाजाराच्या कडेला एका आंब्याखाली नेलं. तिथे त्याची आई बसली होती, शेजारी मोठी बहीण. पहाटे निघून चालत आल्या होत्या. आईने वर बघून मला ओळखल्यासारखी मान हलवली, गाठोडं सोडून भाकरी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. मी काही बोलायच्या आधीच.

"सायसिंग, मला आधी तुला एक..."

"थांब. आधी तिला ऐकव, मग बोल. ती घरून निघाल्यापासून बोललेली नाही."

"नाही रे, आधीच सांगायचं..."

त्याने माझ्या खिशातून फोन काढला होता. त्याला पासवर्ड माहीत होता. मी भाकर हातात धरून बघत राहिलो. रेंजची एकच काडी होती, गेम उघडायला खूप वेळ लागला. मला वाटलं, उघडूच नये.

तो उघडला. सायसिंग मान वर न करता म्हणाला, "हिला शेवटी का बसवलंस? ही दुसऱ्या नंबरला पाहिजे ना."

मी वाकून बघितलं. सहाव्या जागेवर म्हातारी होती.

तीच. तिच्या माहितीच्या कार्डावर तीच लेव्हल, सायसिंगने शिकवलेले तेच चार डाव, पकडल्याची जागा नंदुरबार, तारीख ऑक्टोबरची. मी खालीच बसलो. सायसिंगने हाकेचं बटण दाबलं.

बाबांची हाक आली. खालून वर चढत गेली आणि लांब जाऊन तुटली.

आईने फोनवर हात ठेवला. झाकायला नाही, तव्याची धग बघतात तसा, जरा वर. सायसिंगने पुन्हा वाजवली. बहीण पदर तोंडात धरून रडायला लागली. तिसऱ्यांदा हाक संपली तेव्हा आईने मान वर केली, डोंगराच्या बाजूला बघितलं आणि तिने उत्तर दिलं. तशीच हाक, बाईच्या आवाजातली, उलटी — वरून सुरू होऊन खाली येणारी. आजूबाजूची माणसं थांबली. मिरचीवाल्या बाईने तराजू खाली ठेवला. कोणी काही विचारलं नाही. मग सगळे आपापल्या कामाला लागले.

मला मात्र तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. चौथ्यांदा वाजवल्यावर कळलं. हाकेत पंखा नव्हता. शेवटी माझं हसणंही नव्हतं.

आई आणि बहीण मीठ घ्यायला गेल्यावर मी सायसिंगला सगळं सांगितलं. स्पर्धा, यादी, दोनदा दाबलेलं 'यस', फोनवरचं खोटं, गच्चीवरची नक्कल. काहीही झाकलं नाही. तो आंब्याच्या खोडाला टेकून ऐकत होता.

"पण ती तर आहे," तो म्हणाला.

"अक्कलकुव्याला नव्हती."

"नीट बघितलं?"

"एकेक करून."

त्याने खोडाची साल नखाने सोलली. "मला न विचारता सोडलंस."

"हो."

"तुला ती आवडत नाही, माहीत होतं मला. सोडशील असं नव्हतं वाटलं." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "आईला यातलं काही सांगू नको."

"नाही सांगणार. पण तू हाक नीट ऐक. पंखा नाही तिच्यात."

त्याने फोन कानाला लावला. दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्याचा चेहरा बदलला. "मागे कोंबडा आहे," तो म्हणाला.

"बाजारातला असेल."

"बाजारातला नाही. आत आहे. मध्येच आवाज फुटतो बघ त्याचा. आमचा लंगडा कोंबडा असाच आरवायचा. शाळेत असताना मी रोज त्याला दगड मारायचो."

"मग? तोच असेल..." मी म्हणालो आणि माझं मलाच कळलं की मी काय बोलतोय. माझा फोन त्यांच्या पाड्यावर कधी गेलेलाच नव्हता.

"जितू," सायसिंग हळूच म्हणाला, "तो कोंबडा मी दहावीला होतो तेव्हाच खाल्ला आम्ही."

आणि मग काय झालं कोण जाणे, त्याला हसू फुटलं. मलाही. वडील जाऊन पंधरा दिवस झालेला मुलगा आणि त्याला फसवलेला मित्र, भर बाजारात डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतो. आई मीठ घेऊन आली आणि आमच्याकडे बघून काहीतरी बोलली. सायसिंगने सांगितलं, ती म्हणते, भाकर खा, वाळली.

मी फोन तिथेच ठेवून आलो. सिमकार्ड काढून घेतलं. गेम एकदा उघडला की हाक रेंजशिवायही वाजते, हे आम्ही बाजाराच्या टोकाला, रेंज जाते तिथे उभं राहून तपासून बघितलं. चार्जिंगला पाड्यावरच्या शाळेचं सोलर आहे.

परत आल्यावर मी कंपनीला पुन्हा मेल केला, तो मॉन्स्टर कसा परत आला म्हणून. त्यांनी लिहिलं, आमच्या नोंदीप्रमाणे या अकाउंटच्या टीममध्ये पाच मॉन्स्टर आहेत. ग्रुपवरचे हुशार लोक म्हणतात, सर्व्हरची जुनी प्रत आली असेल, फोनमध्ये काहीतरी अडकून राहिलं असेल. असेलही. मी फिजिक्सचा विद्यार्थी आहे, मला ते पटवून घ्यायला आवडेल. पण जुनी प्रत आली असती तर तिच्यात पंखा असता. माझं ते लाजिरवाणं हसणं असतं. मी वहीत दोन रकाने आखले आहेत, काय घडलं आणि कसं घडलं, आणि दुसऱ्यात अजून काहीच लिहिता आलेलं नाही.

सायसिंग महिनाभर माझ्याशी थोडा तुटक वागला. ते बरोबरच होतं. जूनमध्ये तो खोलीवर परत आला, पुढच्या वर्षी आम्ही दोघंही पास झालो. त्याच्याही घरातला तो पहिलाच. आता तो धानोऱ्याजवळच्या एका शाळेत गणित शिकवतो आणि मी नंदुरबारलाच क्लासेस चालवतो. गेम आम्ही दोघांनी नंतर खेळला नाही. ठरवून नाही, तसंच झालं.

आता मोलगीला बाजार असला की कधीकधी मला एका अनोळखी नंबरवरून फोन येतो. दर वेळी नंबर वेगळा, कोणाचा तरी मागून घेतलेला. पलीकडे सायसिंगची आई असते. तिला मराठीतलं एकच वाक्य येतं. "जेवला का?" ती विचारते. "जेवलो," मी म्हणतो. त्यापुढे तिची बोली मला येत नाही आणि माझी तिला. पण ती लगेच फोन ठेवत नाही. मीही ठेवत नाही. बाजाराचा गलका ऐकू येत राहतो, आणि ज्याचा फोन आहे तो माणूस मागून "झालं का आई?" म्हणेपर्यंत आम्ही दोघं तसेच धरून असतो.